दुरंगी क्रोनोग्राफ आणि बटणांच्या कॉलरचा शर्ट : एकत्र शोभतील का?

दोनधागे (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मूळचा पुण्याचा असून गेल्या ऑगस्टपासून नोकरीनिमित्त अमेरिकेतील न्यू हेवन येथे राहतो. माझे मामा १९८०च्या दशकात मस्कतला नोकरीस होते. तेथे १९८८ साली त्यांनी एक स्विस क्रोनोग्राफ (बटण दाबून सेकंद मोजता येणारे) घड्याळ घेतले होते, ते त्यांच्या पश्चात मामींनी निघण्याच्या आदल्या दिवशी माझ्या हाती ठेवले. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की चर्चा किमतीकडे वळते आणि मला ते विकायचे नाही.

घड्याळाचे अंग पोलादी आहे. काचेभोवतीची कडी, चावी, बाजूची दोन बटणे आणि चेनच्या मधल्या कड्या सोनेरी आहेत. पांढरट तबकडीवर १२, ६ आणि ९ या आकड्यांपाशी तीन लहान तबकड्या आहेत व ३ पाशी वार आणि तारीख दिसते. हात झटकला की आत काहीतरी भिंगरीसारखे गरगरून थांबल्याचे मनगटाला स्पष्ट जाणवते.

येथील सहकारी हिवाळ्यात एकावर एक कपडे घालतात : आत पांढरा गंजीफ्रॉक, त्यावर जाडसर कापडाचा, कॉलरच्या टोकांना बटणे असलेला शर्ट, त्यावर गोल गळ्याचा लोकरी स्वेटर आणि क्वचित त्यावरही निळा ब्लेझर. हा वेश मला आवडला आणि मी तसे तीन शर्ट व एक स्वेटर घेतला. आता अडचण अशी आहे की शर्टाचा कफ घड्याळावर बसत नाही, स्वेटरची बाही त्याहून वर चढून कोपराकडे गोळा होते, आणि या सगळ्या शांत रंगांमध्ये ते सोने फारच डोळ्यांत भरते. एका सहकाऱ्याने हसत हसत ‘शेअर बाजारातून आलास का?’ असे विचारले. तो चेष्टेच्या सुरात बोलला, तरी बोचले. हे घड्याळ या कपड्यांवर वापरावे की सणासुदीसाठी कपाटात ठेवावे?

तिसरी तबकडी

आपण केलेले वर्णन इतके नेटके आहे की मागचे झाकण न उघडताही आतल्या यंत्राचा अंदाज बांधता येतो. लहान तबकड्या १२, ६ आणि ९ पाशी, वार-तारीख ३ पाशी आणि हात झटकल्यावर जाणवणारी ती गरगर, या तिन्ही खुणा एकत्र आल्या म्हणजे यंत्र बहुधा वॅल्ज्यू ७७५० असावे. हे स्वयंचलित क्रोनोग्राफ यंत्र १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात आले. सेलवरच्या घड्याळांच्या लाटेत त्याचे उत्पादन काही काळ बंद पडले आणि १९८०च्या दशकात यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी येऊ लागली तेव्हा अनेक स्विस कंपन्यांनी तेच वापरले. त्यातले चावी भरणारे अर्धवर्तुळाकार वजन एकाच दिशेने फिरताना चावी भरते आणि उलट दिशेने मोकळे फिरते. आपल्याला जाणवते ती भिंगरी म्हणजे हीच मोकळी फेरी असून तो बिघाड नव्हे.

कफाची अडचणही येथूनच सुरू होते. हे यंत्रच ७.९ मिलिमीटर जाड आहे. त्यावर तबकडी, काटे व काच आणि खाली झाकण धरले की घड्याळाची जाडी सहज १४ मिलिमीटरच्या आसपास जाते. शर्टाच्या ज्या कफात साधे हातचावीचे घड्याळ अलगद सरकते, त्यात हे अडकणारच.

वापराविषयी दोन गोष्टी सांगतो. रात्री आठ ते पहाटे दोनच्या दरम्यान चावी ओढून तारीख बदलू नये, कारण त्या वेळी तारखेची चक्रे एकमेकांत गुंतलेली असतात. तसेच क्रोनोग्राफचा काटा चालू असताना खालचे बटण दाबू नये. आधी वरच्या बटणाने काटा थांबवावा आणि मगच खालच्याने शून्यावर आणावा. काचेभोवतीच्या कडीवर उतरत्या क्रमाने आकडे असतील तर ते वेग मोजण्यासाठी असतात : एक मैल किंवा एक किलोमीटर अंतर जितक्या सेकंदांत कापले जाईल त्या संख्येने ३६००ला भागले की ताशी वेग मिळतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मी किलोमीटरच्या दोन फलकांमध्ये हा खेळ अनेकदा केला आहे (अर्थात गाडी दुसरे कोणी चालवत असताना) आणि ४५ सेकंद भरले की काटा बरोबर ८०वर येतो.

आता सोन्याविषयी. झाकणाच्या आत-बाहेर किंवा चेनच्या कडीवर ७५० असा शिक्का असेल तर ते भाग १८ कॅरेट सोन्याचे असतात. शिक्का नसेल तर बहुधा मुलामा असतो. मुलामा प्रथम कडीच्या कडांवर आणि बटणांच्या टोकांवर, म्हणजे जेथे बोट व बाही सतत घासते तेथे, विरतो. तो विरलेला दिसला तरी घड्याळ पॉलिशला मात्र देऊ नका. माझ्या वडिलांचे असेच एक घड्याळ मी हौसेने एका सराफाकडे ‘जरा चमकवून द्या’ म्हणून दिले आणि चार दिवसांनी परत आले तेव्हा सोनेरी कडी अर्धी पांढरी झालेली होती, शिवाय अंगाच्या सगळ्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या होत्या. त्याने काम मनापासून केले होते, हेच अधिक वाईट वाटते.

साधासदरा

आपल्या सहकाऱ्याच्या चेष्टेत तथ्य आहे असे मला वाटते; राग मानू नये. पोलाद आणि सोने एकत्र करण्याची कल्पना तशी जुनी आहे. रोलेक्सने या जोडीसाठी ‘रोलेसॉर’ हे नाव १९३३ सालीच नोंदवले होते. परंतु तिला खरा बहर आला तो पुढे. १९७८ साली कार्तियेने सांतोस हे घड्याळ पोलादी चेनवर सोन्याचे स्क्रू दाखवत नव्याने आणले, १९८४ साली ब्राइटलिंगचे क्रोनोमॅट हे क्रोनोग्राफ आले आणि १९८८ साली रोलेक्सने आपले डेटोना हे क्रोनोग्राफ स्वयंचलित रूपात काढले तेही पोलाद-सोन्याच्या जोडीत उपलब्ध होते. सेलवरचे स्वस्त घड्याळ अधिक अचूक वेळ दाखवू लागल्यावर महागड्या यांत्रिक घड्याळाला दागिना होण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते, आणि जानेवारी १९८०मध्ये सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेल्यामुळे अख्खे सोन्याचे घड्याळ फार थोड्यांच्या आवाक्यात होते. अर्धे सोने, अर्धे पोलाद ही त्या दशकाची मधली वाट होती, असे माझे वाचन आहे. ती रुंद खांद्यांच्या सुटाबरोबर, शेअर दलालांच्या आणि आखातातल्या आपल्या लोकांच्याही मनगटावर शोभली. दोघांनाही मिळवलेले दिसावे असे वाटत होते आणि त्यात गैर काहीच नाही.

आपण घेतलेले कपडे मात्र नेमक्या उलट वृत्तीतून आले आहेत. अमेरिकेच्या ईशान्येकडील जुन्या महाविद्यालयांतला हा वेश, ज्याला तेथे प्रेपी म्हणतात, मिळवलेले लपवण्यावर उभा आहे. कॉलरची कड विरलेली, स्वेटरच्या कोपराला चामड्याचे ठिगळ आणि मनगटावर वडिलांचे पातळ, चामडी पट्ट्याचे घड्याळ किंवा अगदी साधे, रंगीत पट्टीच्या कापडी पट्ट्यावरचे घड्याळ, असा तो थाट असतो. आपण कोऱ्या कपड्याची घडी मोडतो. हा वेश मात्र घडी मोडून चार-सहा वर्षे झाल्यावरच खरा वाटू लागतो. अशा कपड्यांवर सोनेरी कड्यांची चेन म्हणजे अभ्यासिकेत सनई वाजवण्यासारखे आहे. मी तरी ते कपाटात ठेवीन आणि लग्नकार्यात सुटावर काढीन.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत एकतीस वर्षे आहे आणि दोनधागे यांच्यासारखाच पहिल्या हिवाळ्यात बाह्यांशी झटापट केलेला माणूस आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साधासदरा यांचा इतिहास बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. वडीलधाऱ्यांचे घड्याळ वापरणे हाच त्या वेशातला मान्य प्रकार आहे, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. मामाचे घड्याळ मस्कतच्या बाजारातले असले म्हणून ते वारशातून बाद होते काय? पस्तीस वर्षे वापरल्यावर त्या सोन्याची झळाळी बहुधा उतरलीही असेल. अडचण घड्याळाची कमी आणि सोबतच्या सोन्याची जास्त असते. आपल्याकडे मनगटावर सोनेरी चेन, बोटात पुष्कराज, गळ्यात गोफ आणि दुसऱ्या हातात कडे असा सरंजाम एकाच वेळी निघतो, त्यामुळे घड्याळ बिचारे उगीच बदनाम होते. न्यू हेवनमध्ये घड्याळाखेरीज अंगावर फक्त लग्नाची अंगठी ठेवा. ब्लेझरची बटणे पितळी असतील तर असू द्या. पट्ट्याचे बक्कल मात्र साधे घ्या. सोने एकाच ठिकाणी दिसले की ते आठवणीचे वाटते.

आता कफ. यावर एक प्रसिद्ध उपाय फियाटचे प्रमुख जान्नी आन्येल्ली यांचा होता : ते घड्याळ सरळ शर्टाच्या कफावर बांधत. तो माणूस कॉलरची बटणेही उघडी ठेवत असे आणि त्याला कोणी काही म्हणत नसे, कारण कारखाना त्याचा होता. आपण नोकरदार माणसांनी कफाचे बटण हलवावे हे बरे. कफाला एकच बटण असेल तर ते डाव्या हाताला काजापासून दूर, कफाच्या कडेच्या दिशेने, साधारण एक सेंटिमीटर सरकवून शिवावे; उजवा कफ तसाच ठेवावा. मापाचे शर्ट शिवणारे चांगले कारागीर घड्याळाचा हात कोणता हे आधीच विचारतात आणि तो कफ किंचित मोठा कापतात. तयार शर्टात हे काम सुई-दोऱ्याने दहा मिनिटांत होते. कफ इतकाच सैल हवा की हात खाली सोडला असता घड्याळाची निम्मी तबकडी झाकली जाईल आणि हात दुमडून मेजावर ठेवला की ती आपोआप बाहेर येईल.

स्वेटरची बाही वेगळी. तिचे मनगटाचे विणकाम ताणले जाते, पण तेच घड्याळाच्या बटणांत अडकते. माझ्या शेटलंड लोकरीच्या स्वेटरच्या डाव्या बाहीला निघालेला धाग्याचा फास अजून तसाच आहे. म्हणून स्वेटर घालताना घड्याळ काढावे, घातल्यावर शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर ओढून स्वेटरची बाही त्याच्या मागे थांबवावी आणि मग घड्याळ बांधावे. सकाळच्या घाईत हे नको वाटत असेल तर बिनबाह्यांचा स्वेटर घ्या. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

थरांविषयीही एक गोष्ट पहिल्या हिवाळ्यात मला कोणी सांगितली नव्हती. हे थर बाहेरच्या थंडीसाठी जितके, तितकेच आतल्या उकाड्यासाठी असतात. जुन्या इमारतींतली उष्णतेची नळी अशी तापते की बाहेर बर्फ आणि आत वैशाख, अशी स्थिती होते आणि दिवसातून चार वेळा काहीतरी काढावे किंवा घालावे लागते. त्यामुळे प्रत्येक थर एकटा दिसला तरी नीट दिसेल असाच निवडावा. गंजीफ्रॉकचा गळा शर्टाच्या वरच्या बटणाखाली लपेल इतका खोल असावा. १९८०च्या दशकात एका पोलो शर्टावर दुसरा चढवून दोन्ही कॉलरी उभ्या ठेवण्याची टूम होती. ती आपण इतिहासाकडेच राहू देऊ.

उभा-आडवा

घड्याळातले मला फारसे कळत नाही, पण शर्टाचे कापड हा माझ्या घरचा विषय आहे; इचलकरंजीत आमचे माग आहेत. दोनधागे यांनी ‘जाडसर कापड’ असे जे म्हटले आहे ते ऑक्सफर्ड. त्यात दोन बारीक उभे धागे जोडीने चालतात आणि त्यांच्यावरून-खालून एक जाड आडवा धागा जातो, त्यामुळे भिंग लावून पाहिले तर चटईची वीण दिसते. उभा धागा निळा आणि आडवा पांढरा ठेवला की दुरून तो फिकट, किंचित धुरकट निळा रंग येतो. हा मंदपणा रंगातून येत नाही, विणीतून येतो, आणि माझ्या मते सोनेरी घड्याळ या कापडाशेजारी चालते ते यामुळेच. गुळगुळीत चकचकीत पॉपलिनवर तेच घड्याळ भडक वाटेल.

कॉलरला बटणे कशी आली, याचा ब्रुक्स ब्रदर्स ही १८१८ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली कंपनी सांगते तो इतिहास असा की संस्थापकांचे नातू जॉन ब्रुक्स यांनी १८९६ साली इंग्लंडमध्ये पोलोचा सामना पाहिला आणि घोडा दौडत असताना कॉलर तोंडावर उडू नये म्हणून खेळाडूंनी ती बटणांनी अडकवलेली त्यांच्या लक्षात आली. या कॉलरचे सौंदर्य आत बकरम (कडक अस्तर) नसण्यात किंवा अगदी मऊ असण्यात आहे. आपल्याकडचे तयार शर्ट मात्र कडक चिकटवलेले अस्तर घालून येतात आणि ती कॉलर पुठ्ठ्यासारखी उभी राहते. बटण लावल्यावर कॉलर पोटाशी थोडी फुगून, गोलाई घेऊन खाली उतरली पाहिजे. कपड्याची जाण असलेला माणूस प्रथम तेच पाहतो.

न्यू हेवनचे नाव आले म्हणून एक अवांतर. तेथल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते इलायहू येल सतराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचे गव्हर्नर होते. १७१८ साली त्यांनी त्या लहानशा महाविद्यालयाला ४१७ पुस्तके, राजाचे चित्र आणि मालाचे नऊ गठ्ठे पाठवले. तो माल विकून आलेल्या ५६२ पौंडांमुळे महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले. पुढे १९०२ साली त्याच गावात जे. प्रेस हे दुकान निघाले आणि तेथील विद्यार्थ्यांचा वेश घडवण्यात त्याचा मोठा वाटा राहिला.

मद्रासचा धागा त्यानंतरही सुटला नाही. हातमाग कापडाचे निर्यातदार कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर (पुढे मुंबईच्या विमानतळाजवळ लीला हॉटेल उभारणारे तेच) यांनी १९५८ साली विल्यम जेकबसन या अमेरिकन आयातदाराला दहा हजार यार्ड मद्रास चौकडा विकला. हे कापड थंड पाण्यात हळुवार धुवावे, नाहीतर रंग जातो, अशी सूचना त्यांनी दिली होती. ब्रुक्स ब्रदर्सपर्यंत कापड पोचले, त्याचे कपडे विकले गेले, सूचना मात्र वाटेत गळाली. गिऱ्हाइकांनी यंत्रात कपडे धुतले आणि सगळे रंग एकमेकांत उतरले. व्हायला हवी होती दुकानाची नाचक्की, पण रंग फुटणे हाच या कापडाचा गुण आहे, प्रत्येक धुण्यानंतर नवा चौकडा मिळतो, अशी जाहिरात झाली आणि फुटणारा मद्रास हा त्या वेशाचा उन्हाळी मानबिंदू ठरला. आमच्याकडे धाग्याचा रंग फुटला की गाठ परत येते आणि वर नुकसानभरपाई मागितली जाते. दोनधागे, जूनमध्ये मद्रासचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घ्या. कफच नसेल तर वाद कसला?

साधासदरा

हडसनकाठ यांचा वारशाचा मुद्दा मान्य. तरीही एक मधला मार्ग सुचवतो : चेन काढून ठेवा आणि घड्याळ तपकिरी, बिनचकाकीच्या चामडी पट्ट्यावर चढवा. सोने निम्म्याहून कमी होईल आणि कडी व बटणे तेवढी उरतील. चेन मूळची आहे, म्हणून ती टाकू नका.

तिसरी तबकडी

पट्टा बदलण्यापूर्वी घड्याळाच्या दोन कानांमधले, म्हणजे पट्टा जेथे अडकतो त्या टोकांमधले, अंतर मोजा. ते १८, १९ किंवा २० मिलिमीटर असू शकते आणि एका मिलिमीटरचा फरकही डोळ्यांना खुपतो. चेन काढताना कानांच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावा, नाहीतर पिन निसटून पोलादावर चरा पडतो. उन्हाळ्यात मात्र चेनच बरी. घामाने चामडे कुजते आणि पट्ट्याला वास येतो.

दोनधागे

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी बसून तिन्ही शर्टांचे डाव्या कफाचे बटण उसवले आणि एक सेंटिमीटर सरकवून शिवले. पहिल्या शर्टाचे चुकून उजव्या कफाचे उसवले होते, हे कबूल करतो. आता घड्याळ अलगद आत जाते. ७५०चा शिक्का कोठेही सापडला नाही आणि वरच्या बटणाच्या टोकाला आतला पांढुरका धातू दिसतो आहे, म्हणजे मुलामाच आहे. त्याचा फोटो मामींना पाठवला, तेव्हा त्यांनी कळवले की मामा बसची वाट पाहत उभे असले की अंगठ्याने ते बटण उगीच दाबत राहायचे, त्यामुळे ते विरले असणार. कानांमधले अंतर २० मिलिमीटर आहे. तपकिरी पट्टा मागवला आहे. चेन सध्या मोज्यात गुंडाळून ठेवली आहे.

उभा-आडवा यांना एकच विचारायचे आहे. मेमध्ये पुण्याला येणार आहे आणि आमच्या नेहमीच्या शिंप्याकडून दोन ऑक्सफर्ड शर्ट शिवून घेण्याचा विचार आहे. ती गोलाई येण्यासाठी त्याला नेमके काय सांगू?

उभा-आडवा

कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून मगच द्या, ऑक्सफर्ड आटते. कॉलरचे टोक सव्वातीन ते साडेतीन इंच लांब कापायला सांगा आणि आत चिकटवायचे अस्तर अजिबात नको, हवे तर मऊ सुती कापडाचा एक थर चालेल, असे बजावून सांगा. कॉलर सपाट ताणून धरली असता टोक जेथे येते, त्याच्या एक सेंटिमीटर वर शर्टावर बटण लावायचे. त्या ढिलाईतूनच गोलाई येते. शिंपी ‘साहेब, कॉलर बसणार नाही’ म्हणेल. त्याला तुमच्याकडचा एखादा शर्ट नमुना म्हणून दाखवा, आणि डाव्या कफाचे माप घेताना घड्याळ हातात असू द्या.